कालियादेहचं पाणमांजर

पोस्टमन आता स्कूटीवर येतो आणि बँकेच्या लिफाफ्यांखेरीज काही आणत नाही. तरी फाटकाची कडी वाजली की वामन तथा तात्या पोतनीसांना नागपूरहून आलेलं ते निळं अंतर्देशीय आठवे आणि त्यांचे कान गरम होत. पत्र आलं तेव्हा त्यांचे केस काळे होते. उत्तर अजून जायचंच होतं.

झालं होतं असं. अक्कासाठी, म्हणजे थोरल्या बहिणीसाठी, तात्यांनी भैरवगढला चादर छापायला टाकली होती. आणायला गेले तर ती तयार नव्हती. छपाईवाला म्हणाला, "दोपहर को आना." मग वेळ काढायला तात्या सायकलवरून तसेच पुढे क्षिप्रेकाठी कालियादेह महालाकडे गेले आणि महालामागच्या पायऱ्यांवर पुस्तक उघडून बसले. थंडीचे दिवस होते. पान उलटताना त्यांनी सहज मान वर केली, तर पाण्यातून एक चपटं, तपकिरी डोकं बाहेर आलेलं. त्याला मिशा होत्या. तो प्राणी खडकावर चढला आणि दोन्ही पंजांत मासा धरून, आपण भुट्टा खातो तसा, खाऊ लागला. मग त्यानं तात्यांकडे पाहिलं, तात्यांनी त्याच्याकडे. दोघेही लाजाळू. दोघांनी एकदमच नजर वळवली, आणि तात्यांनी पुन्हा पाहिलं तेव्हा खडक नुसता ओला होता.

त्या उमेदीत त्यांनी एका मासिकाला छोटंसं टिपण पाठवलं, 'क्षिप्रेतील पाणमांजर'. ते छापूनही आलं. पाठोपाठ नागपूरहून प्रतिभा सोहनी या बाईंचं पत्र आलं. बाई वन्यप्राण्यांचा अभ्यास करत. त्यांनी लिहिलं होतं, 'आपलं टिपण वाचून फार आनंद झाला. एकच विचारते, राग मानू नये. तो प्राणी पाणमांजरच होता, मुंगूस नव्हे, याची आपल्याला खात्री आहे ना? आणि पुन्हा दिसलं तर अवश्य कळवावं.'

राग यायचा प्रश्नच नव्हता. तात्यांना आली ती शंका. दुसरा कुणी असता तर 'होय' एवढं लिहून मोकळा झाला असता. पण तात्या कॉलेजात ग्रंथपाल होते, आणि तिथंच सगळा घोटाळा झाला. त्यांनी पुस्तकं काढली. एका पुस्तकात म्हटलं होतं, पाणमांजराचं शेपूट बुडाशी जाड असतं. तात्यांनी शेपूट पाहिलं होतं का? दुसऱ्यात होतं, मुंगूसही पाण्यात उतरतं. तिसऱ्यात होतं, पाणमांजरं बहुधा टोळीनं राहतात. हे तर एकटंच होतं. जितकं वाचावं तितकं ते डोकं धुक्यात मागे मागे जाऊ लागलं. उत्तराचे कागद सुरू होत, 'आपले पत्र पोहोचले' इथवर येत आणि थांबत. अक्का माहेरी आली की ते केरात टाकी. वर्षं गेली. तात्या निवृत्त झाले. यजमान गेल्यावर अक्का नानाखेड्याच्या या घरात भावाकडेच राहायला आली. तात्यांनी लग्न केलं नव्हतं. तिथंही बहुधा खात्रीचाच प्रश्न आला असावा, असं अक्का म्हणे.

यंदा फेब्रुवारीत अक्काची नात मृण्मयी हैदराबादहून आली, तीच मुळी बाटल्यांची पेटी घेऊन. ती तिथल्या एका प्रयोगशाळेत काम करत होती आणि तिला क्षिप्रेचं पाणी हवं होतं.

"पाणी?" अक्का म्हणाली. "हैदराबादला पाणी मिळत नाही का?"

"पिण्यासाठी नाही गं आजी. नदीत जो जीव येतो तो काही ना काही सोडून जातो. खवले, लाळ, कातडीचे कण, शेण-मूत. त्यात त्याचा डीएनए असतो. आम्ही पाणी गाळतो आणि गाळणीवर जे राहतं त्यातला डीएनए वाचतो. कोण येऊन गेलं ते कळतं. प्राणी दिसायची गरजच नाही."

"मग रामघाटावर तर अख्खा हिंदुस्थान निघेल तुझा."

"निघतोच. माणसं वगळायची आणि बाकीचे बघायचे."

तात्या वर्तमानपत्रामागे होते. वर्तमानपत्र हळूच खाली आलं. "म्हणजे कुणी पाहिलेलं नसलं तरी?"

"कुणी पाहिलेलं नसलं तरी, तात्याआजोबा."

"आणि… म्हणजे सहज विचारतो. कालियादेह धरलंयस का तू?"

कालियादेह तिनं धरलं नव्हतं. तिचे घाट ठरलेले होते. पण तात्याआजोबा जन्मात काही मागत नाहीत हे तिला माहीत होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी घाट उरकल्यावर शैलेंद्रची ऑटो भैरवगढवरून पुढे गेली. शैलेंद्र म्हणजे अक्काचा नेहमीचा ऑटोवाला. दवाखाना, बँक, लग्नकार्य, सगळीकडे तोच.

कालियादेहला पाणी इतकं गढूळ होतं की गाळण्या भराभर तुंबल्या. तीन बाटल्या भरल्या होत्या. त्यातल्या दोन कशाबशा थोड्याशा गाळून झाल्या आणि गाळायच्या हातपंपानं मान टाकली. तिसरी बाटली घरी आणून फ्रिजमध्ये ठेवायची आणि सकाळी पंप दुरुस्त करून गाळायची असं ठरलं. मृण्मयीनं बाटलीवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे खरडले होते. तात्यांना ते बघवेना. जन्मभर पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवलेला माणूस. त्यांनी एक स्वच्छ चिठ्ठी कापली, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात 'क्षिप्रा – कालियादेह' असं लिहिलं आणि बाटलीला बेतानं मध्यावर डकवली.

सकाळी पंप चालला, पाणी गाळून झालं, आणि मृण्मयी डबाभर शंकरपाळे घेऊन हैदराबादला गेली.

त्यानंतर तात्या फोनकडे ज्या नजरेनं बघू लागले ती नजर अक्कानं ओळखली. होळी झाली, रंगपंचमी झाली. एका दुपारी अक्का मटार सोलत बसली होती आणि तिचा फोन वाजला. पडद्यावर पांढऱ्या कोटातली मृण्मयी.

"तात्याआजोबा आहेत का? बसलेत का?"

"बसलोय," तात्या घाबरून उभे राहत म्हणाले. "का गं? माझं काही चुकलं का?"

"पाणमांजर निघालं! तिसऱ्या बाटलीत!"

तात्या खरोखरच बसले. त्यांना एकदम तो ओला खडक दिसला, मिशा दिसल्या. शेपूटसुद्धा दिसल्यासारखं वाटलं. ते जाड होतं.

"पण," मृण्मयी म्हणाली, "त्याच बाटलीत डॉल्फिनपण निघालाय. गंगेतला."

"वा! बढिया!" अक्का म्हणाली.

"बढिया नाही गं आजी. डॉल्फिन क्षिप्रेत कुठून येणार? नर्मदेचं पाणी पाइपानं क्षिप्रेत आणतात, म्हणून नर्मदेचा मासा निघाला असता तर समजू शकलो असतो. डॉल्फिन तर नर्मदेतपण नाही. आमचे सर म्हणतात, एक तर आपण जगप्रसिद्ध होणार, नाही तर कुणीतरी घोळ घातलाय."

"मीच घातला असणार," तात्या म्हणाले.

"कसा?"

"ते सांगता येत नाही. पण मीच."

"तुम्ही तर श्वास रोखून उभे होता तिथं. सरांनी विचारलंय, बाटलीला आणखी कुणाचा हात लागला होता का?"

"हात कशाला लागतोय?" अक्का शेंग मोडत म्हणाली. "मी तर पळीनं घेतलं."

मृण्मयीचा चेहरा पडद्याच्या अगदी जवळ आला.

"काय घेतलंस, आजी?"

"पाणी. अभिषेकाला. सोमवार नव्हता का त्या दिवशी? तुम्ही सगळे झोपलेले. या घुटन्यांपायी माझा रामघाट सुटला, त्याला किती वर्षं झाली. आणि इथं फ्रिजमध्ये साक्षात क्षिप्रामैया बसलेली, वर वामनच्या सुंदर अक्षरात नाव. नुसते तुझे इंग्रजी आकडे असते तर मी कशाला हात लावते? म्हटलं, महादेवाला पळीभर घालू. पळीच्या झाल्या चार पळ्या. मग बाटली कमी दिसायला लागली. नातीची चीज अशी अर्धी करून ठेवायची, बरं दिसतं का ते? म्हणून भरून ठेवली."

"कशानं भरलीस?"

"नळाच्या पाण्यानं भरीन का मी? गंगाजलानं भरली. तुझ्याच बापानं काशीहून आणलेलं. एकदम ताजं होतं."

मृण्मयीनं डोक्याला हात लावला. मग तिचा खांदा हलू लागला, मग दोन्ही खांदे, आणि फोन कुठंतरी टेबलावर पडला. छताचा पंखा दिसत होता आणि तिचा आवाज येत होता, "सर! सर, डॉल्फिनचा पत्ता लागला! माझ्या आजीनं सोडलाय!"

पलीकडे बरीच माणसं हसल्याचं ऐकू आलं. अक्काही हसली. थोडी शरमली, पण बरीचशी खूशच होती. क्षिप्रेत डॉल्फिन सोडणं काही सोप्पं काम नाही.

तात्या मात्र हसले नाहीत. "मग ते पाणमांजर?" त्यांनी विचारलं. "ते आपलं की गंगेचं?"

मृण्मयी पुन्हा पडद्यावर आली. तिचं हसू ओसरलं. "सांगता येत नाही, तात्याआजोबा. गंगेतही पाणमांजरं आहेत. ती बाटली आता बाद. आणि बाकीच्या दोन बाटल्यांत काही नाही, पण त्यात पाणीच फार कमी गाळलं गेलं होतं. आहे म्हणता येत नाही, नाहीपण म्हणता येत नाही."

"असं असं," तात्या म्हणाले. 'आहे म्हणता येत नाही, नाही म्हणता येत नाही' या ठिकाणी ते अर्धं आयुष्य राहिले होते. पाच मिनिटांपुरतं कुणीतरी बाहेर काढलं होतं, इतकंच. त्यांनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

अक्कानं मटाराची परात बाजूला सारली. "मृण्मयी, ऐक. ह्याचं एक उत्तर अडलंय."

"अक्का, नको," तात्या म्हणाले.

"गप रे. नागपूरच्या एका बाईनं ह्याला विचारलं होतं की बाबा, तू नक्की पाणमांजर पाहिलंस ना? त्या पत्राचं उत्तर हा तेव्हापासून लिहितोय. तुझा बाप तेव्हा कॉलेजात होता. मी त्याचे इतके कागद केरात टाकलेत की त्यात एखादी कादंबरी झाली असती. आणि आता घोडं नदीपाशी आलं तर त्यात मीच गंगा ओतली. तर आता परत कर हे सगळं. मी फ्रिजला कुलूप लावीन."

मृण्मयी तात्यांकडे बघत राहिली. "म्हणून कालियादेह होय," ती म्हणाली. "मला आता येता यायचं नाही. पण सामान पाठवते. पाणी तुम्ही भरा, तिथंच गाळा, आणि गाळण्या मला पाठवा."

"मी?" तात्या म्हणाले. "अगं, मला कसलीच खात्री नसते."

"म्हणून तर तुम्ही. ज्याला खात्री असते तो बाटली भरून ठेवतो."

"टोमणा पोहोचला हो," अक्का म्हणाली.

कुरिअरनं खोकं आलं. त्यात हातमोजे, मोठ्या सिरिंजा, नव्या मोठ्या गाळण्या आणि सूचनांचा कागद होता. तात्यांनी तो कागद ग्रंथपालाच्या निष्ठेनं वाचला, समासात प्रश्न काढले आणि रोज संध्याकाळी मृण्मयीला विचारले. एका संध्याकाळी ते म्हणाले, "समज, निघालंच पाणमांजर. तरी ते नर्मदेच्या पाण्याबरोबर पाइपातून आलेलं नसेल कशावरून? त्रिवेणीला, म्हणजे शहराच्या वर, वेगळं पाणी घ्यायला नको का? तिथं निघालं तर वरून आलेलं. तिथं नाही आणि कालियादेहला आहे, असं झालं तरच ते कालियादेहचं."

मृण्मयीनं ते कागदावर टिपून घेतलं. "सरांना सांगते," ती म्हणाली. "ह्यावर आमचं प्रयोगशाळेत भांडण व्हायला पाहिजे होतं, ते झालंच नाही अजून."

खोक्यात एक बाटली मात्र तात्यांना सगळ्यांत आवडली. तिच्यात प्रयोगशाळेतलं निव्वळ शुद्ध पाणी होतं. ती नदीवर न्यायची, तिथं उघडायची आणि बाकीच्या पाण्यासारखीच गाळायची. तिच्यात कुठला प्राणी निघाला तर समजायचं की चूक आपल्या हातून झाली. आपल्यासारख्यांच्या शंकेसाठी शास्त्रानं एक वेगळी बाटलीच राखून ठेवली आहे, हे तात्यांना नवीन होतं. ते बराच वेळ ती हातात धरून बसले.

ठरल्या दिवशी सकाळी सकाळी शैलेंद्र ऑटो घेऊन आला. अक्का नऊवारी नेसून आधीच तयार होती. हातात तांब्या होता.

"तू कुठं?" तात्यांनी विचारलं.

"नदीवर. तुझ्या बाटल्यांच्या जवळपाससुद्धा फिरकणार नाही. मी खालच्या अंगाला बसीन. माझं पाणी तुझ्याकडे उलटं वाहत येणार आहे का?"

तात्यांनी मनाशी विचार केला. नदीच्या दृष्टीनं तिचं बरोबर होतं.

आधी त्रिवेणी झाली, मग कालियादेह. शैलेंद्रनं अक्काला हाताला धरून पायऱ्या उतरवल्या आणि लांब खाली नेऊन बसवलं. तात्या वर एकटेच राहिले. त्यांनी हातमोजे घातले, काढले, फेकले, दुसरे घातले. बाटलीचं झाकण उघडण्यापूर्वी पुन्हा बदलले.

"काकाजी, ऑपरेशन है क्या?" शैलेंद्र परत येता येता ओरडला. "पानी ही तो भरना है!"

"वहीं रुको, भैया! शिंकना मत!"

तात्यांचा असा आवाज शैलेंद्रनं कधी ऐकला नव्हता. तो जागच्या जागी थांबला आणि नाक धरून उभा राहिला.

सिरिंज दाबून दाबून तात्यांचे अंगठे दुखले. पाणी थेंबाथेंबानं गाळणीतून जात होतं. खडक तोच होता की शेजारचा, हे त्यांना आता सांगता आलं नसतं. तिथं एक बगळा उभा होता. बाकी काही दिसलं नाही. आणि गंमत म्हणजे त्यांना त्याचं काही वाटलं नाही. दिसायची गरज नव्हती. खालून अक्काचं स्तोत्र ऐकू येत होतं. पाण्यात पाय सोडून ती मोठ्यानं म्हणत होती, आणि इतक्या वर्षांनी नदी भेटल्यामुळे मधूनच थांबून नदीशी इकडचं तिकडचंही बोलत होती.

शेवटी त्यांनी ती शुद्ध पाण्याची बाटली उघडली आणि श्वास रोखून गाळली.

एप्रिलच्या अखेरीस फोन आला. अक्कानं तो मधे टेबलावर लोट्याला टेकवून ठेवला.

"त्रिवेणीला नाही," मृण्मयी म्हणाली. "कालियादेहला आहे. तीनपैकी दोन बाटल्यांत. तुमची ती शुद्ध बाटली एकदम कोरी. सर म्हणाले, इतकी कोरी बाटली आमच्या पोरांकडूनपण येत नाही."

"पुन्हा एकदा तपासायला—"

"दोनदा तपासलंय, तात्याआजोबा. मला माहीत होतं तुम्ही विचारणार."

"आणि डॉल्फिन?" अक्कानं विचारलं.

"नाही गं."

"अरेरे."

तात्यांच्या चेहऱ्यावर काय चाललं होतं ते अक्कानं पाहिलं आणि ती उगीचच उठून चहाचं आधण ठेवायला गेली.

"आणखी एक," मृण्मयी म्हणाली. "त्या सोहनीबाई. सरांनी चौकशी केली. नागपूरलाच आहेत, त्याच घरात. ऐंशीच्या पुढे आहेत, पण ठणठणीत. अजून तरुण पोरांच्या चुका काढतात म्हणे. नंबर देऊ?"

"नको, नको! फोन नको!" तात्या इतके दचकले की लोटा हलला आणि मृण्मयी आडवी झाली. "पत्र आलं होतं. पत्रच जाईल."

त्यांनी ते त्याच दुपारी लिहायला घेतलं. 'आपले पत्र पोहोचले' या ओळीपाशी लेखणी सवयीनं थांबली, आणि मग पुढे गेली.

'उत्तराला उशीर झाला, याबद्दल क्षमा असावी. आपण विचारलं होतं की मी पाहिलेला प्राणी पाणमांजरच होता का. प्रामाणिकपणे लिहितो, त्या सकाळच्या प्राण्याबद्दल मला आजही पुरती खात्री नाही. शेपूट मी नीट पाहिलं नव्हतं. मात्र कालियादेहला पाणमांजर आहे. पुन्हा दिसलं तर कळवा, असं आपण लिहिलं होतं. ते मला पुन्हा दिसलेलं नाही, पण आहे. ते कसं कळलं हे सोबतच्या कागदावर माझी नात लिहिते आहे, कारण माझ्या हातून काही चुकीचं लिहिलं जाईल. गंगेतल्या डॉल्फिनबद्दलही तीच खुलासा करील. तो प्रकार माझ्या बहिणीचा असून तिचा आग्रह आहे की तो आपल्याला कळावा.'

अक्कानं ते वाचून घेतलं. "पुरती खात्री नाही, हे कशाला?"

"नाही म्हणून."

"मग राहू दे," अक्का म्हणाली.

मृण्मयीचा कागद येऊन पाकिटात जाईपर्यंत मे उजाडला. शैलेंद्रनं ऑटो पोस्टाच्या लाल पेटीसमोर उभी केली. ऊन रणरणत होतं. तात्या उतरले, पेटीपाशी गेले, पाकीट अर्धं आत घातलं आणि पुन्हा बाहेर काढलं. तिकिटं नीट चिकटली होती का? होती. नागपूरचा पिनकोड? होता. पाठवणाऱ्याचं नाव?

"वामन!" ऑटोतून अक्का ओरडली. "त्या बाई ऐंशीच्या पुढे आहेत!"

शैलेंद्रनं भोंगा वाजवला. "डाल भी दो, काकाजी!"

तात्यांनी एकदा पाकिटावरचं आपलं अक्षर पाहिलं. ते खरंच सुंदर आलं होतं. मग त्यांनी पाकीट आत सोडलं. पेटी रिकामी असावी, कारण ते तळाशी पडल्याचा आवाज चांगला मोठा आला. तात्या तो ऐकत क्षणभर तिथंच उभे राहिले आणि नंतर उसाचा रस घ्यायचा का, असं विचारायला ऑटोकडे वळले.